रात्रपाळी
आर्क्टिकपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ३१ ठिकाणी शास्त्रज्ञांनी झाडांच्या पानांवर हिरव्या प्लास्टिसिनच्या अळ्या चिकटवल्या. जवळजवळ तीन हजार. त्यांना कोण चावतं, एवढंच बघायचं होतं. प्लास्टिसिन मऊ, त्यावर चोचीची खूण वेगळी उमटते, उंदराच्या दातांची वेगळी आणि मुंगीच्या जबड्याची बारीक, चिमटा काढल्यासारखी. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. विषुववृत्ताजवळ अळीच्या जिवाला धोका सर्वांत जास्त. ध्रुवीय प्रदेशात तो आठव्या हिश्शावर येतो. गंमत म्हणजे, हा फरक पक्ष्यांमुळे पडत नव्हता. तो पाडत होत्या मुंग्या आणि त्यांच्यासारखे शिकारी किडे.

इतके पानखाऊ किडे असताना जंगल हिरवं राहतंच कसं? अमेरिकेतल्या हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबॉडकिन या तिघांनी १९६० साली अवघ्या पाच पानांच्या लेखात याचं उत्तर दिलं : पानं खाणाऱ्यांना खाणारे आहेत म्हणून. टीकाकार तुटून पडले. हिरवं दिसतं ते सगळं खाण्याजोगं असतं कुठे? कडू, चिवट, विषारी पानांचं काय? आक्षेप रास्तच होता. पण वाद घालण्यापेक्षा खाणाऱ्यांना अडवणारी जाळी लावून बघणं केव्हाही चांगलं.

ते झालं पनामात. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली तेव्हा एका टेकडीचं बेट झालं, ते बारो कोलोरॅडो. त्याआधीच्या बहुतेक प्रयोगांत झाडाभोवतीची जाळी दिवसरात्र तशीच असे. जाळीतली पानं जास्त कुरतडलेली दिसली, की वाचवण्याचं श्रेय पक्ष्यांना मिळे. इथे संशोधक मार्गारेटा काल्का आणि तिच्या सहकाऱ्यांनी काही रोपं फक्त दिवसा झाकली, काही फक्त रात्री. म्हणजे रोज उजाडताना आणि अंधारताना जंगलात जाऊन जाळ्या लावायच्या, काढायच्या; दहा आठवडे. असल्या कंटाळवाण्या कामाबद्दल खरं तर पदकं द्यायला हवीत. उघड्या रोपांची ४.३ टक्के पानं खाल्ली गेली होती. दिवसा झाकलेल्यांची, म्हणजे पक्ष्यांना अडवलेल्यांची, ७.२ टक्के. रात्री झाकलेल्यांची, म्हणजे वटवाघळांना अडवलेल्यांची, १३.३.

तिथे कीटक टिपणाऱ्यांत एक मोठ्या कानांचं, जेमतेम सहा-सात ग्रॅमचं वटवाघूळ आहे. पानावर निश्चल बसलेला, आवाजही न करणारा किडा ते मिट्ट काळोखात हेरतं. पानासमोर हवेत तरंगत खाली-वर होतं. तिरकस येऊन आदळलेला ध्वनी गुळगुळीत पानावरून आरशावरच्या उजेडासारखा पलीकडे निघून जातो. पानावर किडा असेल तर मात्र प्रतिध्वनी परततो. मग झडप. मोठी शिकार फांदीला उलटं लटकून निवांत खाल्ली जाते, आणि पंख तेवढे खाली पडतात. इतक्या नेमक्या जनावराच्या वाट्याला गोष्टींमध्ये फक्त भुताखेतांची सोबत यावी!

ही राखण सगळीकडे पुरी पडत नाही. केरळात निलंबूरला १८४०च्या दशकापासून सागाची लागवड आहे. मैलोगणती एकच झाड. वळवाचे पाऊस झाले, कोवळी पालवी फुटली, की पतंगांच्या झुंडी येऊन अंडी घालतात आणि थोड्याच दिवसांत झाडं उघडी पडतात. अळ्यांची विष्ठा भुरभुर पावसासारखी वाजत राहते. पक्षी जमतात, पोटभर खातात, पण अळ्यांचा लोंढा त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो पुष्कळदा आवरतो एक विषाणू. अळी मलूल होते, लटकते, कातडी फुटून आतला गढूळ द्रव खालच्या पानावर सांडतो. ते पान दुसरी अळी खाते.

साग यातून मरत नाही, पुन्हा पालवतो. पण केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात, या अळीमुळे कोवळ्या लागवडीतली लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. विदर्भातल्या सागवनांत पावसाळा सरता सरता पानांची जाळी होते, ती करणारी अळी वेगळी. ती शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. आणि तोवर झाडाची त्या वर्षाची वाढ बरीचशी उरकलेली असल्यामुळे वनखात्यातली माणसं तिचं फारसं मनावर घेत नाहीत.