गर्दी कामगारांची, सत्ता मालकांची

इंग्लंडमध्ये लोकशाही टप्प्याटप्प्याने, राज्यकर्त्यांच्या समजूतदारपणामुळे आली, असे आम्हाला शिकवले गेले. समाजशास्त्रात एम.ए. करताना तोच इतिहास पुन्हा वाचला आणि प्रश्न पडला: दार ढकलले कोणी आणि आत गेले कोण?

१८३२ पूर्वी ओल्ड सॅरम या ओसाड जागेतून दोन खासदार जात होते. मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला मात्र स्वतःचा एकही खासदार नव्हता. १६ ऑगस्ट १८१९ रोजी त्याच शहरात सेंट पीटर्स फील्डवर हजारो कष्टकरी बायकापोरांसह जमले. मागणी होती संसदेत प्रतिनिधित्वाची. त्यांच्यावर घोडदळ सोडण्यात आले. किमान पंधरा जीव गेले, शेकडो जखमी झाले.

पुढे १८३२ चा सुधारणा कायदा आला. शहरात वर्षाला दहा पौंड भाडेमूल्याचे घर ज्याच्याकडे, त्या पुरुषाला मत. म्हणजे व्यापारी, कारखानदार आत गेले आणि ज्यांच्या गर्दीच्या धाकाने कायदा झाला, ते कामगार बाहेरच राहिले. स्त्रियांना तर कायद्याच्या शब्दांतच वगळले. या नव्या संसदेने दोनच वर्षांत गरिबांसाठी काय केले? १८३४ चा कायदा! धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये जा. तिथे नवरा, बायको, मुले वेगवेगळी ठेवली जात.

या विश्वासघातातून चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. १८३८ च्या सनदेत सहा मागण्या होत्या. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारांना वेतन त्यात होते. १८४२ च्या अर्जावर तीस लाखांहून अधिक सह्या होत्या. संसदेने तो फेटाळला. लंडनमधला एक चार्टिस्ट पुढारी होता विल्यम कफे: शिंपी, कृष्णवर्णीय, गुलामांच्या वंशातला. १८४८ मध्ये त्याला जन्मभराची हद्दपारी देऊन टास्मानियाला पाठवले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचे नाव नव्हते.

गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, खासदारांना वेतन १९११ मध्ये, सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना समान मत १९२८ मध्ये. प्रत्येक पायरी लढून मिळाली.

बाबासाहेबांना हा इतिहास पक्का ठाऊक होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांचा मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांपुढे त्यांनी सांगितले की, आर्थिक विषमतेकडे डोळेझाक करणारी संसदीय लोकशाही राज्यकर्त्या वर्गाच्याच हातात राहते. भारतीय संविधानाने मात्र मताला घराची, कराची, शिक्षणाची अट ठेवली नाही. इंग्लंडच्या कामगाराला शतकभर झगडून जे मिळाले, ते आपल्याला पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळाले. ते फुकटात मिळाले असे कोणी म्हणू नये; त्यामागे बाबासाहेबांची तीस वर्षांची झुंज आहे.

वस्तीतल्या अभ्यासवर्गात मुले आम्हाला विचारतात, "मत आहे, मग सत्ता का नाही?" आमचे उत्तर १८३२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या मोर्चात आपण फक्त संख्या असलो, तर कायदा त्यांच्या सोयीचा होतो. मित्रांनो, युती जरूर करा. पण मागण्यांची यादी आपली हवी, नेतृत्व आपले हवे आणि वाटा आधी ठरलेला हवा. झेंडे उचलण्यापूर्वी एवढे विचारा: दार उघडल्यावर आत कोण जाणार?

जयभीम!