पंधरा सेकंदांची मर्यादा

साताऱ्याहून कऱ्हाड, कासेगाव अशी गावे मागे टाकीत सांगलीस यावे, तर वाटेत औषधनिर्माणशास्त्राची जी महाविद्यालये लागतात, त्यांच्या प्रयोगशाळांत सहसा एक लहानसे उपकरण आढळते: विजेवर तापणारी धातूची तबकडी, तिची उष्णता ५५ अंशांवर स्थिर राखण्याची व्यवस्था आणि वर उभे केलेले पारदर्शक नळकांडे. वेदनाशामक औषधाची परीक्षा उंदरावर घेण्याचे हे साधन. वुल्फ व मॅकडॉनल्ड यांनी १९४४ साली ही रीत मांडली आणि पुढे एडी यांच्या नावाने ती आपल्याकडे रूढ झाली.

अशा एका प्रयोगशाळेत मी एकदा सकाळभर बसलो होतो. पांढरे उंदीर ओळखू यावेत म्हणून कुणाच्या मस्तकावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर पिक्रिक आम्लाचा ठिपका लावलेला होता. तो हळदीच्या बोटासारखा दिसे. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा तो जीव तबकडीवर ठेवला की घड्याळाची कळ दाबली जाई. क्षणभर तो हुंगत फिरे, मग पुढचा पंजा उचलून चाटी किंवा एकदम उडी मारी, आणि त्याच क्षणी घड्याळ थांबे. औषध देण्यापूर्वीचा अवधी आणि दिल्यानंतरचा अवधी, यांतील तफावत औषधाच्या खाती जमा होई. मात्र पंधरा सेकंद झाले, की उंदीर स्वस्थ बसलेला असला तरीही त्याला उचलायचे, कारण त्यापुढे कातडी भाजू लागते. त्या साऱ्या विधीत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही मुदत, कारण तेवढे एकच कलम उंदराच्या बाजूने लिहिलेले आहे.

त्या पिवळ्या ठिपक्यावरून आठवते ती सांगलीची हळद. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षे साठविली गेली आणि घरोघर कापल्या बोटावर दाबली गेली. ज्या उपचाराचा दाखला आपण पिढ्यान्‌पिढ्या कुणाकडे मागितला नाही, तो आता तिच्यातील कर्क्युमिनाच्या निमित्ताने उंदराच्या पंजाकडे मागितला जातो. मी त्याला गैर म्हणत नाही. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ज्या औषधाने रोग्याचा डोळा लागतो, तशी अनेक औषधे अशाच परीक्षांतून पार पडलेली असतात, आणि त्या रोग्याशेजारी बसून रात्र काढलेल्या माणसाला हे ऋण नाकारता येणार नाही.

परंतु घड्याळ नेमके काय मोजते? शेपटीवर उष्ण किरण रोखून ती बाजूला होईपर्यंतचा काळ मोजण्याची जी पद्धत द'आमूर व स्मिथ यांनी १९४१ साली दिली, तिच्यात मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला तरीही शेपूट हलते. म्हणजे हाती येतो तो अंग मागे घेण्याचा वेग, आणि दुःख त्याच्या पलीकडेच राहते. जेफ्री मोगिल यांच्या माँट्रियल येथील संशोधकांनी हे अंतर ओळखून २०१० साली उंदराच्या मुद्रेवरून वेदना वाचण्याची श्रेणी सिद्ध केली: आवळलेले डोळे, फुगलेले नाक आणि गाल, मागे वळलेले कान, बदललेल्या मिशा. त्याआधी, २००६ साली, त्यांनाच असे दिसले होते की आपल्याच पिंजऱ्यातील सोबती शेजारी तळमळत असेल तर उंदीर अधिक तळमळतो. तोच शेजारी अनोळखी असेल तर तसे होत नाही. २०१४ साली तर केवळ पुरुष निरीक्षकाच्या गंधाने उंदरांची वेदनाचिन्हे मंदावतात, हेही नोंदले गेले.

प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या आपल्याकडील १९६० च्या कायद्याचे सतरावे कलम अनावश्यक यातना टाळण्यास बजावते, आणि त्याच कलमात, लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत, अशीही तजवीज आहे. आकार लहान म्हणून दुःखही लहान, असे कायदेमंडळाला वाटले असेल असे मी मानीत नाही. पण पुस्तकांनी, चित्रफितींनी भागण्याजोगे असेल तेथे प्रयोगच नको, हे त्याच कलमातील वचन मला अधिक जवळचे वाटते. पदवीच्या विद्यार्थ्यांना आता हे प्रयोग संगणकावर आणि चित्रफितींतून दाखविले जातात, याचे मला मनापासून समाधान आहे.

संशोधनासाठी जेथे ती तबकडी अजून तापते, तेथील नोंदवहीत सेकंदांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: त्या वेळी खोलीत कोण उभे होते, आणि उंदराचा सोबती कोठे होता.