मान वळेना तेव्हा

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. माधवनगरातील आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक पारिजातक आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची फुले वेचणे हा त्यांचा पहाटेचा नेम आहे. हाडे ठिसूळ झाल्याने त्यांच्या पाठीला बाक आला आहे. उभ्या राहिल्या तरी मोटारीच्या मागच्या काचेतून त्या जेमतेम दिसतात. फुले वेचायला वाकल्या की दिसतच नाहीत.

गेल्या भाद्रपदात एका पहाटे बुधगावहून फोन आला. दम्याचा जुना रुग्ण होता. मी घाईने बॅग घेतली, मोटार सुरू केली, रिव्हर्स गिअर टाकला, तिन्ही आरशांत पाहिले आणि क्लच सोडू लागले. तेवढ्यात मागे फरशीवर पितळी भांडे पडल्याचा आवाज झाला. मी ब्रेक दाबला. उतरून मागे गेले, तर बंपरपासून हातभर अंतरावर सासूबाई वाकून सांडलेली फुले तबकात भरत होत्या. “अगं, फुलं वेचतेय. तू जा, मी होते बाजूला,” त्या शांतपणे म्हणाल्या. मोटार सुरू झालेली त्यांना ऐकूच आली नव्हती. वयाने कान मंदावलेले, त्यात पलीकडच्या यंत्रमागांची खडखड.

त्या दिवशी रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना माझा हात स्थिर नव्हता.

रात्री पुण्यातल्या मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, “आजीला सांग, सकाळी अंगणात जायचं नाही.” खरे सांगते, मीही तेच ठरवले होते. वृद्धांची काळजी घेणाऱ्या घरांत हे नेहमीच घडते. धोका दिसला की आपण पहिले बंधन घालतो ते वृद्धाच्या हालचालीवर. जिना नको, बाग नको, एकट्याने देवळात जाणे नको. पण पहाटेचे ते चालणे, वाकणे आणि उजेडात थांबणे त्यांच्या प्रकृतीला आवश्यक आहे, हे डॉक्टर म्हणून मला ठाऊक होते. शिवाय चूक त्यांची नव्हतीच. अंगण त्यांचे, वेळ त्यांची, नेम त्यांचा. मोटार मी मागे घेत होते आणि मागे वळून मी पाहिले नव्हते.

का पाहिले नव्हते? कारण गेली दोन वर्षे माझी मान डावीकडे नीट वळत नाही. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. मोटार मागे घेताना त्याला डाव्या खांद्यावरून पाहावे लागते. ते जमेनासे झाले तेव्हा मी नकळत आरशांवर विसंबू लागले होते. आरशांत मोटारीच्या बाजू दिसतात, लांबचा रस्ता दिसतो. बंपरच्या लगतची जमीन दिसत नाही.

मान वळण्याची निम्मी क्रिया मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांध्यात होते आणि उरलेली खालच्या मणक्यांत वाटली जाते. तरुणपणी मान प्रत्येक बाजूला सुमारे ८० अंश वळते. वय वाढते तशा मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांधे आखडतात आणि हा कोन हळूहळू कमी होतो. हळूहळू होतो म्हणूनच तो लक्षात येत नाही. आपण खांदे वळवतो, कंबर वळवतो, शेवटी वळायचेच सोडून देतो.

याहून एक गोष्ट मला अधिक बोचली. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी चाळिशीनंतर वैद्यकीय दाखला लागतो. त्याला नमुना १-अ म्हणतात. असे किती दाखले मी सह्या करून दिले असतील! २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, हे सारे मी तपासते. मान किती वळते हे मात्र मी फार थोड्यांना विचारले होते, आणि स्वतःला तर कधीच नाही.

मुलाला मी सांगितले, “आजी फुलं वेचणार. बदल मोटारीत करू.” आमची मोटार २०१५ सालची. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत ते बहुधा नसतात. अमेरिकेत तर नव्या हलक्या वाहनांना १ मे २०१८ पासून मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. त्या कायद्याला कॅमेरॉन गुलब्रान्सन या दोन वर्षांच्या मुलाचे नाव आहे. २००२ साली घरासमोर मोटार मागे घेताना त्याच्या वडिलांना तो दिसला नाही आणि तो दगावला. ते वडील बालरोगतज्ज्ञ होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटावे तसा फोन बंद करून ठेवला. मुलांची काळजी घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यालाही मोटारीमागची ती जागा दिसली नव्हती.

कॅमेऱ्याचा संच सांगलीहून आणला. एक बोटभर कॅमेरा, एक छोटा पडदा आणि दोन्ही जोडणारी लांब तार. माझे वडील रेडिओ दुरुस्त करीत. तारांची भीती मला लहानपणापासून नाही, म्हणून हे काम मी घरीच केले. आपणांस तशी सवय नसेल तर ते मोटारीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. तरीही काम कसे चालते हे ठाऊक असलेले बरे.

कॅमेरा नंबरप्लेटच्या वर, तिथल्या दिव्याशेजारी बसतो. मोटार रिव्हर्समध्ये टाकली की मागचा पांढरा दिवा लागतो; त्याच दिव्याच्या तारेतून कॅमेऱ्याला वीज मिळते. म्हणजे गिअर पडताच चित्र सुरू. ती तार शोधण्यासाठी इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली, हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या आणि मीटरने १२ व्होल्ट कुठे येतात ते पाहिले. जोडणी करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवली. लांब तार डिकीच्या दाराच्या रबरी नळीतून आत घेऊन दारांच्या उंबरठ्याच्या पट्ट्यांखालून पुढे नेली. खांबांत जिथे एअरबॅग असते तिथून तार नेऊ नये. पडद्याची वीज फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र फ्यूज लावून घेतली.

पहिल्या वेळी पडदा उजळला, चित्र मात्र आले नाही. कॅमेऱ्याची काळी तार मी रंगवलेल्या पत्र्याच्या स्क्रूला जोडली होती. रंगाखालच्या धातूला ती टेकतच नव्हती. रंग खरवडला आणि चित्र आले. मग दुसरी गंमत झाली. डावीकडे ठेवलेले स्टूल पडद्यावर उजवीकडे दिसू लागले. मागचे चित्र आरशासारखे हवे. डावीकडची वस्तू डावीकडेच दिसली पाहिजे. माझ्या कॅमेऱ्याच्या तारेला त्यासाठीच एक छोटा वळसा ठेवलेला होता. माहितीपत्रक वाचून तो कापला. हे तपासल्याशिवाय कोणीही मोटार हलवू नये.

शेवटी अंतराच्या खुणा करायच्या होत्या. इंजिन बंद होते, हँडब्रेक ओढलेला होता. मी एकेक मीटरवर विटा मांडत होते, एवढ्यात सासूबाई तबक घेऊन आल्या आणि बंपरमागे अगदी त्या दिवशीच्या जागी वाकून बसल्या. “बघ, दिसते का मी?” आत बसून मी पडद्याकडे पाहिले. पांढरे केस, तबक, फुले, सारे दिसत होते. “दिसता, आई,” एवढेच मला म्हणता आले.

एक इशारा मात्र द्यायला हवा. कॅमेऱ्याची नजर रुंद असते, म्हणून वस्तू आहे त्याहून दूर भासते. पावसाळ्यात भिंगावर चिखल बसतो. ते रोज मऊ फडक्याने पुसावे. रात्री पडद्याचा उजेड कमी ठेवावा, नाहीतर मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तो झगझगीत वाटून बाहेरचे कमी दिसते. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून वाचनाचे अंतर आणि रस्त्याचे अंतर स्पष्ट दिसते. पडदा मात्र या दोहोंच्या मध्ये असतो आणि अंधुक दिसू शकतो. चष्मा करून घेताना नेत्रतज्ज्ञांना हे अंतर मोजून सांगावे. मुख्य म्हणजे बाजूने धावत येणारे मूल कॅमेऱ्यात फार उशिरा दिसते. म्हणून आजही मोटारीभोवती एक फेरी मारल्याशिवाय मी आत बसत नाही. सासूबाई अंगणात असल्या तर त्यांच्या खांद्याला हात लावून सांगते. मोटार फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या ओट्यावर बसतात. हा करार आम्ही दोघींनी मिळून केला आहे.

आपणही आज एक करून पाहा. खुर्चीत ताठ बसा, खांदे स्थिर ठेवा आणि हनुवटी सावकाश डाव्या, मग उजव्या खांद्याकडे न्या. मागच्या भिंतीवरचे घड्याळ दिसावे म्हणून कंबर वळवावी लागते का, ते घरातल्या कोणालातरी पाहू द्या. मान कमी वळत असेल तर रोज सकाळी हीच हालचाल सावकाश, झटका न देता, पाच-सहा वेळा करावी. मात्र वळताना चक्कर येत असेल, हातांत मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

वयाच्या ५५ वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच मिळतो. यंदा माझी पाळी होती. स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. म्हणून मी एका सहकारी डॉक्टरांकडे गेले. डोळे-कान तपासून त्यांनी पेन उचलले, तेव्हा मी म्हणाले, “आधी माझी मान पाहा.” त्यांनी पाहिली, थोडे थांबले, आणि मानेच्या व्यायामाचा कागद माझ्या हाती दिला. तोच कागद गेली अनेक वर्षे मी माझ्या रुग्णांना देत आले आहे. तीन महिने तो व्यायाम नेमाने केला. मान थोडी सुटली आहे, पूर्ण नाही. दाखल्यावर त्यांनी सही केली ती त्यानंतर.