सावळ्या चेहऱ्यावरचा उजेड

स्टुडिओतील प्रकाशयोजनेचा पहिला धडा दिवे लावण्याचा नसतो, विझवण्याचा असतो. ज्या ज्येष्ठ छायाचित्रकारांकडे मी शिकलो त्यांनी पहिला आठवडाभर मला एकाहून अधिक दिवा वापरू दिला नाही. खुर्चीत बसलेला माणूस स्थिर, आणि पांढरी छत्री लावलेला एकमेव दिवा घेऊन मी त्याच्याभोवती फिरतो आहे. दिवा समोर असला की चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो. तोच ४५ अंशांवर बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण तेवढा उरतो. या रचनेला रेम्ब्रांटचे नाव आहे.

सॉफ्टबॉक्स चेहऱ्याजवळ आणला की सावली कठोर न होता उलट मऊ होते, हेही तिथेच कळले. जवळून तो चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो म्हणून. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की सावलीतले तपशील परत येतात. हे सारे हाताला लवकर जमते.

मला खरे अडवले ते प्रकाशमापकाने. कॅमेऱ्यातील मापक समोरून परतणारा प्रकाश मोजतो आणि जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकट सावळ्या चेहऱ्याने भरली तर तो त्याला नाहक उजळ करतो. हातातला मापक मात्र चेहऱ्यापाशी धरून त्यावर पडणारा प्रकाश मोजायचा असतो. माणसाला किती उजेड मिळाला हे पाहायचे, त्याने किती परत केला हे नव्हे. ('वर्ण' आणि 'वर्णन' यांचे नाते ठाऊक असलेल्यांनी यावर जरूर विचार करावा.) हा कल केवळ यंत्राचाही नाही. रंगीत प्रिंटचा ताळमेळ पाहण्यासाठी कोडॅकने पुरवलेल्या नमुनापत्रांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे.

आमच्या घरी १९७१ सालचा आईचा एक फोटो आहे, स्थळांकडे पाठवण्यासाठी काढलेला. दोन्ही दिवे समोरून, चेहऱ्यावर पावडरचा थर, आणि वर निगेटिव्हवर शिसपेन्सिलीचे काम. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. कारागिरी निर्दोष आहे. फक्त आईची गालफडे त्यात नाहीत.

सावळ्या त्वचेचा आकार सावलीपेक्षा चकाकीतून अधिक उमटतो. म्हणून मागच्या वर्षी तिला बसवले तेव्हा मोठा सॉफ्टबॉक्स बराच बाजूला घेतला, त्याचे प्रतिबिंब गालाच्या हाडावरून लांबट उतरेल असा. केस पार्श्वभूमीत बुडू नयेत म्हणून मागून एक मंद दिवा दिला. पावडर लावू दिली नाही. यावरून थोडी कुरबूर झाली. फोटोत ती आली, जशी रोज ओट्यापाशी खिडकीच्या उजेडात दिसते तशी.

प्रिंट तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिली. "चांगला आलाय रे," ती म्हणाली, "पण उद्या हार घालायची वेळ आली की तो जुनाच लाव."

वाद घालायला माझ्यापाशी मुद्दे पुष्कळ होते. घातला नाही. जुन्या प्रिंटच्या कडा पिवळ्या पडू लागल्या आहेत. तेवढी स्कॅन करून ठेवली.