उंबऱ्यापुढची रांगोळी

सकाळी दारात रांगोळी काढताना ज्योती भट्ट यांची आठवण झाली. जन्म १९३४चा, भावनगरचा. बडोद्यात ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली चित्रकला शिकले, इटली-अमेरिकेत मुद्राचित्रणाचं शिक्षण घेतलं आणि परतून बडोद्यातच शिकवलं. साठच्या दशकाच्या अखेरीस गुजरातच्या लोककलांची नोंद करायला कॅमेरा हाती घेतला, तो सुटलाच नाही.

सारवलेल्या भिंती, अंगणातले मांडणे, गोंदलेले हात. मला सर्वांत भिडतं ते हे, की त्यांच्या चौकटीत बऱ्याचदा नक्षीबरोबर घरातली बाईही असते. त्याच भिंतीला टेकलेली, त्याच अंगणात वावरणारी. नक्षीमागे कुणाचे तरी हात असतात, हे मला त्या कृष्णधवल फोटोंनी दाखवलं. त्यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा घरातल्याच कुणाचा तरी गौरव झाल्यासारखं वाटलं होतं.

आजी रोज पहाटे ठिपके मांडायची. संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं जायचं. रांगोळीजवळ बसलेल्या आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आज त्याची फार हळहळ वाटली.

आईला म्हटलं, उद्या तू काढ, मी शेजारी कॅमेरा घेऊन बसते.