नेमोची पहिली पाच मिनिटं

फुलचूर ते समुद्र हे अंतर रेल्वेनं शेकडो किलोमीटर. गोंदिया शहराला अगदी खेटून असलेलं आमचं गाव. इथल्या पोरांसाठी पाणी म्हणजे तलाव आणि मासा म्हणजे बाजारातल्या टोपलीतला. तरी माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला शार्क, जेलीफिश, ऑक्टोपस सगळे तोंडपाठ. यूट्यूबची कृपा! त्यामुळे गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी गेले, तेव्हा त्याच्यासाठी सिनेमा निवडायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. ‘फाइंडिंग नेमो’. पिक्सारचा, २००३ सालचा, ऑस्कर मिळवलेला. हॉस्टेलमध्ये असताना आम्ही मैत्रिणींनी एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून पाहिलेला.

‘लहान पोरांनी पाहण्यासारखा आहे ना?’ वहिनीनं विचारलं. टिपिकल आईचा प्रश्न, पण रास्त. अमेरिकेत या सिनेमाला ‘जी’ सर्टिफिकेट आहे, म्हणजे कुठल्याही वयाच्या प्रेक्षकानं खुशाल पाहावा. आपल्याकडेही २०२४ पासून ‘यूए’मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे आलेत. पण सर्टिफिकेट देणारे मुलाचं वय बघतात. सोफ्यावर शेजारी कोण बसलंय, हे त्यांना कुठून कळणार?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सुरुवात सांगते. मर्लिन आणि कोरल हे क्लाउनफिश जोडपं. नवं घर, चारशेवर अंडी, नावं काय ठेवायची याच्या गप्पा. तेवढ्यात बॅराकुडा येतो. मर्लिन बेशुद्ध पडतो, पडदा काळा होतो. शुद्धीवर येतो तेव्हा बायको नाही, अंडी नाहीत. तळाशी एकच अंडं, तेही तडा गेलेलं. रक्त नाही, मारामारी नाही, आणि तरीही पोटात खड्डा पडतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. मुलांचे ४५ अॅनिमेशनपट आणि मोठ्यांचे ९० सिनेमे ताडून पाहिले, तर महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमात अडीच पट! नेमोच्या आईचं उदाहरण त्यात होतंच.

बॅराकुडा दिसला आणि दादा उठला. ‘हे पुढे ढकल,’ म्हणाला. आवाज चढवून नाही, पण रिमोट माझ्या हातातून घेऊनच.

भाच्याच्या आधी दादा-वहिनीला एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. आमच्या घरात तिचा विषय निघत नाही. मात्र दादा भाच्याला तलावाकडे जाऊ देत नाही, स्कूल व्हॅनमध्ये बसवत नाही, स्वतः सोडतो, स्वतः आणतो. पाऊस जोरात असला की शाळेला बुट्टी.

तर आम्ही सिनेमा थेट नेमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून पाहिला. आणि सगळाच बिघडला की! मर्लिन म्हणजे नुसता कटकट्या बाप वाटायला लागला. इथे जाऊ नको, तिथे पोहू नको. भाचा मला विचारतो, ‘आत्या, याचे बाबा इतके काहून घाबरतात?’ मी दादाकडे पाहिलं. दादा मोबाइलमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा बाहेर गेल्यावर वहिनीच म्हणाली, ‘लाव ती सुरुवात.’ चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आम्ही तिघं बसलो. मी भाच्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

‘अंडी कुठं गेली?’

‘बॅराकुडानं खाल्ली,’ वहिनी म्हणाली.

‘सगळी?’

‘एक राहिलं.’

‘तोच नेमो?’ झालं! समाधान झालं त्याचं, आणखी एक चकली उचलली. मग स्वतःशीच म्हणाला, ‘म्हणून याचे बाबा तसे.’ वहिनी उठून आत गेली, थोड्या वेळानं तोंड धुऊन आली.

तो घाबरला, पण भलत्याच ठिकाणी. दाताला तारा लावलेली डार्ला पिशवीतला मासा गदागदा हलवते ना, तिथे त्यानं उशी तोंडावर घेतली. दातांच्या रांगा दाखवणारा ब्रूस शार्क मात्र त्याचा दोस्त. मासे खाणं सोडायचा निश्चय केलेला शार्क कुणाला नाही आवडणार? (जाता जाता, खऱ्या समुद्रात क्लाउनफिशची मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो. म्हणजे मर्लिन नेमोची आई झाला असता. हे मी वहिनीला सांगितलं, तर ती दोन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.)

संध्याकाळी दादा आल्याआल्या भाच्यानं त्याला सगळी गोष्ट सांगितली, बॅराकुडासकट. दादानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. बूटही तसेच पायात.

रात्री भांडी आवरताना मी वहिनीला विचारलं, ‘त्याला ताईबद्दल कधी सांगणार?’

‘पहिलीत जाऊ दे,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘यांना आधी सांगता यायला पाहिजे.’