शिसं तापलं, रंग धरला

परवा रात्री साडेअकराला घरातल्या सगळ्यांना उठवून मी दहा ग्रॅमचा शिशाचा गोळा दाखवला. पोपटी! इतका चकचकीत, की आत्ताच पाण्यातून काढलाय असं वाटावं. ब्रश लागला नाही, थेंबभर थिनर लागला नाही!

मी रत्नागिरीला खडपावर गरवतो. गरीच्या दांडीवर शिसं ओतून जिग हेड घरीच करतो आणि त्यावर रबरी मासा चढवतो. सगळा खटाटोप तांबोशीसाठी. ती राहते खडकांच्या कपारीत, तेव्हा गरी तिथेच टाकायची आणि ठोकर लागणारच. आजवर एनॅमल लावून पाहिलं, नेलपॉलिश लावून पाहिलं. दहा-बारा फेकींत टवके उडून करडं शिसं उघडं. मग ग्रिलला पावडर कोटिंग करणाऱ्या एका मित्राने पुडीत बांधून पावडर दिली आणि म्हणाला, "एवढ्याशा कामाला गन कशाला? तापव आणि बुडव."

तापव आणि बुडव! गरी पक्कडीत धरली, शिसं हीट गनसमोर फिरवत मनात बारापर्यंत मोजलं आणि पावडरीतून एकदा फिरवून काढलं. बाहेर आलं तेव्हा मखमलीसारखं मंद. आणि दोन श्वासांत, डोळ्यांदेखत, त्या मखमलीची काच झाली! जास्त तापलं तर थर जाड, ओबडधोबड बसतो. कमी तापलं तर पावडर झटकताच गळते. चार-पाच गोळ्यांत अंदाज येतो.

डब्यात पावडर दबून बसते. म्हणून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला तळाशी कॉफी फिल्टरचा कागद ताणून लावला आणि खालून माशांच्या टाकीचा पंप जोडला. हवा सुरू होताच पावडर फुगली, पाण्यासारखी हिंदकळायला लागली! काडी घातली तर कुठे अडेचना. यात बुडवलं की थर पातळ आणि सगळीकडून सारखा.

पुढचं काम भट्टीचं. तंगूस ओवायचं नेढं सुईने मोकळं केलं, गोळे तारेला टांगले आणि जुन्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० मिनिटं ठेवले. शिसं वितळतं ३२७ अंशांना, त्यामुळे त्याची काळजी नाही. या उष्णतेत पावडरीचे रेणू एकमेकांत असे गुंततात, की पुन्हा तापवलं तरी थर वितळत नाही. तो ओव्हन आता स्वयंपाकाला कायमचा बंद. तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या आणि शेवटी हात साबणाने स्वच्छ. शिशाशी हयगय नको.

काल पहाटे ओहोटीला गेलो. दोन तास तोच एक गोळा कपारींतून ओढला, खडकांवर आपटला. घरी येऊन भिंगाखाली धरला. बारीक चरे आहेत, पण शिसं कुठे दिसत नाही. कुठेच नाही!

मित्राकडे केशरी पावडरही आहे म्हणे. पोपटी अंग, केशरी टोक! संध्याकाळी जातोच त्याच्याकडे.